दोन चित्रांच्या मधलं काम

महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः गोंदियात आणि थोडाफार आपल्या भंडारा जिल्ह्यात. वैनगंगेकाठच्या धानाच्या बांधीत तो चालताना दिसला, तर त्याच्या पायांकडे बघा. चिखलातून पाऊल वर येतं तेव्हा लांब बोटं एकत्र मिटतात. पाय हवेत जरा रेंगाळतो. खाली टेकायच्या आधी बोटं पुन्हा फाकतात, आणि मग सगळं वजन त्या पायावर येतं. आपल्याला उलटा वळलेला गुडघा वाटतो तो खरं तर पक्ष्याचा घोटा असतो. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. मान आधी पुढे जाते, धड मागून येतं. सहा फुटांच्या आसपास उंची असलेला हा पक्षी इतका डौलदार का वाटतो, याचं उत्तर या बारीकसारीक क्रमात आहे. कार्टून काढणारा चित्रकार नेमका हाच क्रम शोधत असतो.

समजा, हे एक पाऊल कागदावर काढायचं आहे. चित्रकार पहिल्यापासून शेवटपर्यंत एकामागून एक चित्रं काढत जात नाही. तो आधी महत्त्वाच्या स्थिती पकडतो: पाय टेकलेला, पाय सर्वात वर उचललेला, पुन्हा टेकलेला. ही झाली मुख्य चित्रं. त्यांच्या मधली चित्रं नंतर भरली जातात. मोठ्या स्टुडिओत मुख्य चित्रं अनुभवी हात काढतो आणि मधली त्याचे सहायक. मेजाला खालून उजेड असतो, त्यावर दोन मुख्य चित्रं ठेवून तिसरा कागद वर घ्यायचा आणि दोघांच्या मधली रेघ शोधायची. कागद हलू नयेत म्हणून त्यांना भोकं पाडलेली असतात आणि ती मेजावरच्या खुंट्यांत बसतात. कागद केसभर सरकला तरी पडद्यावर पक्षी थरथरताना दिसतो.

मधली चित्रं सारख्या अंतरावर काढली तर मात्र सारस यंत्रासारखा चालतो. पाय वर रेंगाळायचा असेल तर वरच्या टोकाजवळची चित्रं एकमेकांना चिकटून हवीत, आणि वेगाच्या जागी त्यांच्यातलं अंतर वाढायला हवं. त्याच दोन मुख्य चित्रांतून, केवळ मधल्या अंतरात फरक करून, सावध सारस काढता येतो किंवा घाबरलेला. मला हे या कलेतलं सर्वात मोठं कौशल्य वाटतं. सुंदर चित्र काढणारे पुष्कळ असतात. दोन चित्रांच्या मधला वेळ ज्याला दिसतो, तो ॲनिमेटर.

हा वेळ मोजायचा हिशेब सरळ आहे. सिनेमाच्या पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम जातात. बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेमपुरतं टिपतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं पुरतात. सारसाच्या एका संथ पावलाला 16 चित्रं दिली तर ते पाऊल सव्वा सेकंदाहून थोडं जास्त चालेल. सात मिनिटांच्या कार्टूनचे होतात 10,080 फ्रेम. दोन-दोन फ्रेमचा हिशेब धरला तरी 5,040 वेळा कॅमेऱ्याखालचं चित्र बदलायचं. एका वेळी दोन-तीन पात्रं हलत असतील तर चित्रांची संख्या आणखी वाढते.

म्हणूनच सेलची युक्ती निघाली. सेल म्हणजे पारदर्शक शीट. पेन्सिलचं चित्र त्यावर शाईनं उतरवायचं आणि रंग मागच्या बाजूनं भरायचा, म्हणजे पुढची रेघ झाकली जात नाही. बांधी, झाडं, आभाळ एकदाच रंगवायचं आणि हलणारा पक्षी तेवढा दर वेळी नवा ठेवायचा. पक्षी उभा राहून फक्त मान वळवत असेल तर धड एका सेलवर आणि मान दुसऱ्यावर. पण सेल पूर्ण पारदर्शक नसतात. थर वाढले की खालचे रंग मंद पडतात. त्यामुळे कोणता थर किती फ्रेम राहणार हे आधीच ठरवावं लागतं. त्यासाठी शाळेच्या हजेरीपटासारखा आखलेला तक्ता असतो: प्रत्येक फ्रेमला एक ओळ, प्रत्येक थराला एक रकाना, आणि एक रकाना आवाजाचा. गाणं किंवा संवाद असतील तर ते बहुधा आधीच ध्वनिमुद्रित करतात, आणि कोणत्या फ्रेमवर कोणता शब्द येतो ते त्या रकान्यात लिहितात. त्यानुसार पात्राचे ओठ काढले जातात.

तालाचा असा हिशेब किती काटेकोर असतो ते अमेरिकी कार्टून-दिग्दर्शक चक जोन्सच्या रोड रनर मालिकेत बघावं. ही मालिका 1949 पासूनची. तिच्यातला कोल्हा कड्यावरून पडतो तेव्हा तो दरीत दिसेनासा व्हायला 18 फ्रेम आणि त्यानंतर 14 फ्रेमनी खाली धूळ, असा जोन्सचा दंडक होता. मधल्या त्या अर्ध्या सेकंदाहून थोड्या जास्त रिकाम्या जागेत हसू पिकतं. फ्रेम कमी-जास्त झाले की ते विरतं.

आपल्याकडे या कामाची मुळं दादासाहेब फाळक्यांपर्यंत जातात. 1912 साली त्यांनी वाटाण्याचा अंकुर वाढताना थोड्या थोड्या अंतरानं टिपला, आणि पडद्यावर तो डोळ्यांदेखत वाढला. 1915 च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्या सरकवत एकेक फ्रेम घेतली. पुढे प्रभातनं ‘जंबूकाका’ हे कार्टून केलं. पण कलाकारांची फळी उभी राहिली ती मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये. ‘बॅम्बी’वर काम केलेले डिस्नेचे क्लेअर वीक्स 1956 साली तिथल्या कार्टून विभागातल्या मुलांना शिकवायला आले. त्या मुलांत राम मोहन होते. पुढे ‘भुवन शोम’मधला ॲनिमेशनचा भाग, ‘शतरंज के खिलाडी’तलं संस्थानं गिळण्याचं चित्र, आणि जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्याबरोबरचा ‘रामायण’पट, असं त्यांचं काम विस्तारलं. तो ‘रामायण’पट 1992 चा, आपल्याकडे 2025 साली तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा हातानं रंगवलेलं कार्टून मोठ्या पडद्यावर बघायची संधी नव्या पिढीला मिळाली.

दूरदर्शनच्या काळात वाढलेल्यांना मात्र या सगळ्यांहून जवळचं आहे ते ‘एक अनेक और एकता’. फिल्म्स डिव्हिजननं 1974 साली आणलेलं हे छोटं कार्टून. जाळ्यात अडकलेले पक्षी एकजुटीनं जाळं घेऊन उडतात आणि उंदीर ते कुरतडतात, ही आपल्याकडची जुनी गोष्ट. भाषा हिंदी, पण त्यामागे मराठी माणसं बरीच होती. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, संगीत वसंत देसाई यांचं, आणि गाणारी पोर म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेल्या साधना सरगम. चित्रांचा आणि ॲनिमेशनचा भार भीमसेन यांनी उचलला होता. सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. रेघ साधी, रंग सपाट, हालचाल मोजकी. हा साधेपणा मला मोलाचा वाटतो: जेवढं हलायला हवं तेवढंच हलतं, त्यामुळे मुलाचं लक्ष गोष्टीवरून ढळत नाही.

हे कार्टून आता पुन्हा बघा, पण जरा वेगळ्या पद्धतीनं. एकदा आवाजासह. मग आवाज बंद करून. पक्षी जाळं उचलतात त्या जागी थांबवत, पुढे सरकवत बघा: सगळे पंख एकाच वेळी खाली येतात का, की काही मागेपुढे आहेत? एकच उडण्याचा फेरा किती वेळा परत वापरलाय? जाळ्याचं वजन कशावरून जाणवतं, पंखांच्या वेगावरून की उडण्याच्या वाटेवरून? पार्श्वभूमी हलतेय की पक्षी? मुलं जवळ असतील तर त्यांनाच विचारा. मोठ्यांच्या नजरेतून सुटलेलं ती पटकन पकडतात.

मग वहीच्या एका कोपऱ्यात, पानामागून पान, सारसाचं ते पाऊल काढायला सांगा. आधी तीन मुख्य चित्रं, नंतर मधली. पानं अंगठ्यानं सोडली की पाऊल पडताना दिसेल. पहिल्या खेपेला ते अडखळेल; तेव्हा चित्र पुसायची घाई करू नका, वरच्या टोकाजवळ एक-दोन पानं वाढवा. गावाजवळ मामा (माजी मालगुजारी) तलाव असेल तर तिथे जाऊन खरा बगळा किंवा करकोचा बघून या, त्याचाही पाय जवळजवळ असाच उचलला जातो.

आणि कार्टून संपल्यावर श्रेयनामावली येते तेव्हा बटण दाबून पुढे जाऊ नका. चित्रकारांची नावं मुलांना मोठ्यानं वाचायला लावा.