निवडणुकीनंतरचा प्रतिपक्ष : चोपड्याच्या निमित्ताने

निवडणुकीत पराभूत झालेल्यांविषयी विजयी पक्षाने अनुकंपा बाळगावी, असा उपदेश सर्वत्र केला जातो. परंतु अनुकंपा ही व्यक्तीची मनोवृत्ती होय. विधिमंडळात ती टिकावयाची, तर तिला पदाचे व नियमाचे रूप यावे लागते. जळगाव जिल्ह्यातील चोपडा मतदारसंघाचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

१९९९ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेस ६९ व भारतीय जनता पक्षास ५६ जागा मिळाल्या. काँग्रेसला ७५, तर तिच्यापासून त्याच वर्षी फुटून निघालेल्या राष्ट्रवादी काँग्रेसला ५८. परस्परांविरुद्ध लढलेल्या या शेवटच्या दोन पक्षांनी मिळून सरकार बनविले. कालचे वैर सत्तेसाठी विसरणे फारसे कठीण नसते, हे येथे नमूद करावयास हवे. खरी कसोटी सत्तेबाहेर राहिलेल्या १२५ सदस्यांना कसे वागवावयाचे, ही होती. ती सभागृहात ज्यांच्याकडे आली, ते अध्यक्ष श्री. अरुणभाई गुजराथी चोपड्याचेच प्रतिनिधी होते.

अध्यक्ष बहुमताने निवडला जातो. मात्र त्या बहुमतापासून अल्पमताचे रक्षण करणे, हेच त्याचे कार्य. संविधानाच्या १८९ व्या अनुच्छेदानुसार तो प्रथमतः मत देत नाही. समसमान मते पडली तरच देतो. कोणास बोलू द्यावयाचे, कोणता प्रस्ताव स्वीकारावयाचा, हे त्याच्या हाती. १९८५ च्या दुरुस्तीने जोडलेल्या दहाव्या अनुसूचीने मात्र पक्षांतराचा न्यायनिवाडाही त्याच्यावरच सोपविला, आणि येथे दोन कर्तव्ये एकमेकांस छेदतात. जून २००२ मध्ये विलासराव देशमुख यांचे सरकार विश्वासदर्शक ठरावास सामोरे जात असता अध्यक्षांनी सात सदस्यांना अपात्र ठरविले. असा निर्णय कायद्यास कितीही धरून असला, तरी पराभूत पक्षास तो निःपक्षपाती वाटणे दुरापास्त. दोष व्यक्तीपेक्षा रचनेचा अधिक.

ब्रिटनमध्ये अध्यक्षाविरुद्ध प्रमुख पक्ष सामान्यतः उमेदवार उभा करीत नाहीत. आपल्याकडे तसा संकेत नाही. २००४ मध्ये चोपड्याची जागा शिवसेनेने जिंकली. ज्यास पाच वर्षांनी पुन्हा स्वपक्षाच्याच चिन्हावर मते मागावयाची आहेत, त्याच्याकडून संपूर्ण तटस्थतेची अपेक्षा करणे म्हणजे थोडे अधिकच मागणे होय.

विरोधी पक्षनेत्यास वेतन व भत्ते देणारा महाराष्ट्राचा कायदा १९७८ चा आहे. सरकारला विरोध करणाऱ्यास सरकारी तिजोरीतूनच मान मिळावा, ही कल्पना कोणत्याही उपदेशाहून अधिक मोलाची. तथापि या कायद्यातही मान्यता देण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याकडेच आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी २० जागा मिळवून शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) हा सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. एक-दशांशाच्या संकेताप्रमाणे २९ हव्या होत्या. नव्या विधानसभेचे कामकाज विरोधी पक्षनेत्याविनाच सुरू झाले. हा एक-दशांश १९७८ च्या कायद्यातील नव्हे. तो केवळ प्रथेचा भाग आहे, आणि प्रथा शिथिल करणे अध्यक्षांच्या अधिकारात येते.