पोकलेनचे पाय

कुडव्यापासून कोणत्याही दिशेस निघा, एखादा मामा तलाव आडवा येतोच. १९५१ साली मालगुजारी गेली. तलाव राहिले आणि त्यांतील गाळही राहिला. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली, आणि गाळ उपसण्यास पोकलेन उतरले. (हे नाव एका फ्रेंच कंपनीचे, आपण ते साऱ्या जातीलाच देऊन टाकले.)

पोकलेनच्या प्रत्येक चेनला एक मोटर फिरवते. ती विजेवर नव्हे, पंपाने दाबून आणलेल्या तेलावर चालते. त्यातले थोडे तेल आत पाझरतच असते, आणि ते पाझरलेच पाहिजे. त्यानेच मोटरला वंगण मिळते. पुढे ते एका बारीक नळीने टाकीत परतते. पुष्कळ यंत्रांत या वाटेवर लहानशी गाळणी असते, आणि नेमका हिचाच विसर पडतो. ती तुंबली की तेल कोंडते, दाब चढतो आणि सील फुटते. मालक नवी मोटर बसवतो, गाळणी मात्र जुनीच ठेवतो. मग नवीही जाते! गाळणीत चकाकणारा कीस दिसला, तर आत झीज सुरू झाली असे आम्ही समजतो.

बाहेरचा शत्रू चिखल. तो फटीत वाळून दगड होतो आणि सील सरकवतो; म्हणून रोज संध्याकाळी, ओला असतानाच खरवडावा. गियरचे तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरलेच. चालताना यंत्र एका बाजूस ओढू लागले, तर ते आधी काठावर आणावे. मृग तोंडावर आला असता तलावाच्या मध्यावर बसलेले धूड ओढायचे कोणी?