केळवलीत लाइट गेली तरी खोपोली लोकल दिसायला हवी!

कर्जतला ज्याची खोपोली लोकल डोळ्यांदेखत सुटते, त्याला ‘पुढची कधी?’ हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा असतो ते विचारा. ‘पाच मिनिटांत दुसरी येईल’ हे मुंबईकरांचं लाडकं वाक्य इथे चालत नाही. केळवलीला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला हाच प्रोजेक्ट घेतला. स्टेशन निवडा, पुढची गाडी बघा. अ‍ॅप मोबाइलमध्ये, पण वेळापत्रक चाळून उत्तर देणारा भाग, म्हणजे एपीआय, घरच्या लॅपटॉपवर.

कॉलेजात डेमो सुरू झाला आणि तिकडे केळवलीत लाइट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, वायफायच्या डब्याला नव्हती. स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. सर म्हणाले, ‘पुढच्या आठवड्यात दाखव.’ मार्क टांगणीला!

महिन्याच्या भाड्याने सर्व्हर घेता आला असता. पण गाडीची चौकशी होणार सकाळ-संध्याकाळ, आणि भाडं मात्र रात्री दोन वाजताचंही भरायचं. म्हणून तिने सर्व्हरलेसचा रस्ता धरला. नाव फसवं आहे हं, सर्व्हर असतोच. फक्त तो आपण सांभाळायचा नसतो. आपण कोड चढवायचा. कोणी काही विचारलं की क्लाऊड कंपनी तेवढ्यापुरता तो चालवते आणि पैसे तेवढ्याच वेळाचे लावते.

आपल्याकडच्या लोकांना हे समजायला अवघड नाही. खोपोलीचं टाटांचं वीजघर 1915चं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटाखाली आणून तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. ज्यांनी ती तारेवरून घेतली, त्यांना त्यासाठी स्वतःचा बॉयलर पेटता ठेवायची गरज उरली नाही. सर्व्हरलेसही तसंच, मीटरवर.

अ‍ॅमेझॉनची लॅम्डा ही सेवा 2014मध्ये आली, आणि 2016मध्ये कंपनीने मुंबईत क्लाऊड केंद्र सुरू केलं. लॅम्डावर महिन्याला 10 लाख विनंत्या फुकट आहेत. आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. 500 जणांनी रोज 20 वेळा गाडी बघितली तरी महिन्याचे होतात 3 लाख. म्हणजे आख्खी खोपोली लाइन हौसेने वापरू दे!

कोड चढवला. सकाळी साडेआठला स्टेशनवर उभं राहून बघतो तर काय, अ‍ॅप पहाटेची पहिली लोकल दाखवतंय. लोच्या असा की लॅम्डाचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याच्या लेखी तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते. कोडमध्ये भारतीय वेळ सांगितल्यावर गाडी रुळावर आली.

दुसरी चूक जास्त शिकवून गेली. ‘गाडी लेट आहे’ असं प्रवाशांनी कळवायचं एक बटण होतं. पळसदरीला मी ते दाबलं, तिला केळवलीत आकडा शून्यच! कारण एकाच वेळी अनेकांनी विचारलं की कोडच्या अनेक प्रती चालतात. एकीच्या मनातलं दुसरीला कळत नाही, आणि काम नसलं की प्रत बंद होते, तिच्या आठवणीसकट. जे टिकायला हवं ते बाहेर डेटाबेसमध्येच ठेवायचं. बराच वेळ कोणी फिरकलं नाही, तर पहिल्याला उत्तर जरा उशिरा मिळतं, याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. गाडीच्या चौकशीला तेवढं चालतं.

खरी भीती बिलाची. खात्याला जोडलेलं कार्ड पप्पांचं असतं. कोड चुकून स्वतःलाच हाका मारत बसला तर मीटर पळत सुटतो. बिलाचा अलर्ट लावाच, पण तो फक्त कळवतो, चालू काम थांबवत नाही, आणि कळवतोही उशिरा. म्हणून एका वेळी किती विनंत्या घ्यायच्या, याची मर्यादा आधीच घालून ठेवायची. पासवर्ड आणि चाव्या कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकायच्या नाहीत, हे तर घरातल्या लहान भावालाही सांगा.

सगळ्याच कामांना हे परवडतं असंही नाही. खुद्द अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओमधल्या एका टीमने 2023मध्ये सांगितलं, की व्हिडिओची गुणवत्ता तपासणारी त्यांची यंत्रणा सर्व्हरलेसवरून काढून एकत्र बांधल्यावर खर्च 90 टक्क्यांनी घटला. सतत वाहणारं काम असेल तर भाड्याचा सर्व्हरच बरा. अधूनमधून लागणारं असेल, जसं आमचं, तर मीटर.

पुढच्या आठवड्यात सरांनी स्वतःच्या फोनवर लौजी टाकून बघितलं. उत्तर आलं. मग त्यांनी विचारलं, ‘वेळापत्रक बदललं की?’ ती फाइल हाताने बदलावी लागते, सर. स्टेशनवर जाऊन नव्या वेळा उतरवून आणायचं काम माझ्याकडे आलंय.