दुसरी नोंदवही
लेखमाला : पहारा आणि नागरिक (लेखांक ४)

ठाण्याहून येताना कशेळीची खाडी ओलांडली की काल्हेर, पूर्णा, राहनाळ असा भिवंडीचा गोदामांचा पट्टा सुरू होतो. इथल्या मोठ्या गोदामांच्या फाटकावर रजिस्टर असते. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचे नाव, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ त्यात लिहितात. गाडी दोन दिवस ताटकळली आणि हॉल्टिंगचे पैसे कोणी द्यायचे असा वाद निघाला, तर तो त्या वेळांवरच सुटतो. पण रजिस्टर गोदामवाल्याचे असते, म्हणून जाणता ड्रायव्हर पोचल्याची वेळ आपल्या बिल्टीवरही लिहून, शिक्का मारून घेतो. फाटक ज्याच्या ताब्यात, त्याच्याच वहीवर सगळा हिशेब सोपवायचा नाही, एवढे व्यवहारज्ञान त्याच्याकडे असते. फाटकावर गोदामवाल्याऐवजी बंदूकधारी सत्ता उभी असेल, तर या दुसऱ्या नोंदीची गरज कितीतरी वाढते. मागच्या तीन लेखांत आपण पहारा देणाऱ्यांचे अधिकार पाहिले. आजचा मुद्दा त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांचा आहे.

पॅलेस्टिनी वेस्ट बँकमधील लष्करी नाक्यांवर अशी दुसरी वही ठेवण्याचे काम काही लोकांनी चिकाटीने केले. दुसरा इंतिफादा (पॅलेस्टिनी उठाव) पेटलेला असताना, २००१ मध्ये, तीन इस्रायली महिलांनी ‘माखसोम वॉच’ हा गट सुरू केला. या गटात फक्त स्त्रिया आहेत. पाळ्या लावून त्या नाक्यांवर उभ्या राहतात आणि जे दिसले ते लिहून प्रसिद्ध करतात. जागतिक चर्च परिषदेने २००२ मध्ये असाच उपक्रम सुरू केला. त्यात निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक साधारण तीन-तीन महिने तिथे जाऊन राहतात. बेथलेहेमहून जेरुसलेमकडे जाताना लागणाऱ्या ‘तीनशे क्रमांका’च्या नाक्यावर मजुरांची रांग भल्या पहाटेपासून लागत असे. किती फिरती दारे चालू आहेत, किती खिडक्यांवर कागद तपासले जात आहेत, तासाभरात किती जण पलीकडे गेले, आजारी माणसे, म्हातारे आणि स्त्रिया यांच्यासाठीचे वेगळे फाटक कधी उघडले, परवाना असूनही कोणाला परत धाडले, हे स्वयंसेवक टिपत. फाटक उघडले नाही तर फोन करून विचारणा करत. याहून अधिक अधिकार त्यांच्यापाशी नव्हता. ऑक्टोबर २०२३ नंतर बहुतेक मजुरांचे परवानेच स्थगित झाले. त्यामुळे त्याआधीच्या पहाटा कशा होत्या हे सांगायला ही टिपणे आता आणखी मोलाची आहेत.

नुसते पाहून काय साधते, हा प्रश्न रास्त आहे. त्या सकाळपुरते फारसे काही साधत नाही. एखाद्या दिवशी दोनच खिडक्या उघड्या असल्या तर त्याला शंभर कारणे देता येतात. तीच नोंद महिनोन्महिने, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली सापडली, तर मात्र कारण एखाद्या तापट सैनिकात नसून व्यवस्थेत आहे, असे पुराव्यानिशी म्हणता येते. त्यासाठी ती नोंद उघड हवी. वेस्ट बँकमधल्याच हेब्रॉनमध्ये १९९४ साली इब्राहिमी मशिदीत २९ नमाजींची हत्या झाली. त्यानंतर तिथे आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथक नेमले गेले आणि १९९७ पासून ते सलग काम करत होते. पथक प्रशिक्षित होते, सरकारांचे त्याला पाठबळ होते. पण त्याचे अहवाल गोपनीय असत, इस्रायली व पॅलेस्टिनी हे दोन्ही पक्ष आणि सदस्य देश यांच्यापुरतेच. जानेवारी २०१९ मध्ये इस्रायलने मुदत वाढवून द्यायला नकार दिला आणि पथक निघून गेले. इतक्या वर्षांच्या नोंदींचा सामान्य माणसाला जवळपास काहीच उपयोग झाला नाही. अधिकार नसलेल्या बायकांची जाहीर वही या बाबतीत सरकारमान्य गुप्त वहीपेक्षा सरस ठरते.

भिवंडीला हे नवे वाटू नये. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत इथे हिंदू-मुस्लिम दंगल उसळली. भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या दंगलींच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला. दंगलीतील गुन्ह्यांचा तपास पोलिसांच्या विशेष पथकाकडे होता आणि त्या पथकाची कागदपत्रे हीच पहिली वही होती. तिच्यापुढे शपथपत्रे, साक्षी आणि उलटतपासणी उभी राहिली, तेव्हा तपासच एका समाजाविरुद्ध झुकलेला होता, असा निष्कर्ष आयोगाने नोंदवला. केवळ पोलिसांचे दप्तर प्रमाण मानले असते, तर हा निष्कर्ष निघालाच नसता.

१९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्यांची घडी बसवली. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि त्या भागातले पोलीस नियमित एकत्र बसू लागले. अफवा आली की खरेखोटे तिथेच तपासले जाई. पोलिसाला मोहल्ला ओळखीचा झाला आणि मोहल्ल्यालाही पोलीस काय करतो ते दिसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. याचे सगळे श्रेय कमिट्यांना देता येणार नाही, पण ते नाकारताही येणार नाही.

अशी नजर ठेवण्यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा. आत्मघाती हल्ल्यांच्या काळात वेस्ट बँकमधले नाके वाढले, तिथे बघ्यांचे काय काम, असे विचारले जाते. धोका खरा होता. पण धोका हे तपासणीचे कारण होऊ शकते, तपासणी कशी झाली ते लपवण्याचे नव्हे. शिवाय बरेच नाके इस्रायलच्या सीमेवर नसून एका पॅलेस्टिनी गावातून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या वाटेवर आहेत. दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो : अशा निरीक्षणामुळे जुलमी व्यवस्था थोडी सुसह्य होते आणि टिकते. यात तथ्य आहे, पण नोंदच नसेल तर ती व्यवस्था मोडण्याची मागणी कशाच्या आधारावर करायची? तिसरा आक्षेप पक्षपाताचा. निरीक्षकांना मते असतातच, म्हणून तर तारीख, वेळ आणि आकडा लिहायचा. तो दुसऱ्याला पडताळता येतो, मत पडताळता येत नाही.

चौथा आक्षेप भिवंडीचाच आहे. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला. पोलीस गोळीबारात दोघे गेले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. मग कमिट्यांचा उपयोग काय? लक्ष ठेवणे हा एकदा टोचला की जन्मभर पुरणारा डोस नव्हे. एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभी राहिलेली पद्धत त्याच्या बदलीनंतरही चालवावी लागते. दोन्हीकडची परिस्थिती सारखी नाही, हेही खरे. भिवंडीकराला मत आहे, न्यायालय आहे. वेस्ट बँकमधला पॅलेस्टिनी ज्या लष्करी हुकमतीखाली राहतो, तिला निवडण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणून तिथे बाहेरचा साक्षीदार लागतो आणि इथे ते काम आपल्यालाच करता येते.

कायद्याने ती जागा आपल्यासाठी ठेवलेलीही आहे. झडतीच्या वेळी परिसरातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत, असे कायदा सांगतो. अटकेच्या पत्रकावर तारीख व वेळ हवी आणि घरच्या किंवा वस्तीतल्या एका तरी माणसाची साक्ष हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये बजावले. पण पोलिसांचे बोलावणे आले की आपण दार लावून घेतो आणि मग तेच ते ठरलेले पंच कोऱ्या कागदावर सही करून मोकळे होतात. वाचकांनी एवढे तरी करावे : पंच म्हणून बोलावले तर जावे, पंचनामा शेवटपर्यंत वाचावा, वेळ चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी आणि मगच सही करावी.