दम

लहानपणी अकोल्यात आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळी हुतूतू रंगायचा. माझा दम कच्चा. चार पावलं आत गेलो की तुटायचा आणि पोरं ओरडायची, "गेला, गेला!" पुढे कॉलेजात असताना समजलं, हा 'दम' शब्दच मुळात फारसी. अर्थ श्वास. मैदान, पैलवान, वस्ताद हे शब्दही त्याच वाटेनं मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले.

शब्द तिकडून आले, तसा खेळ इकडून गेला. त्यात आपल्या वऱ्हाडाचाही वाटा आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे आपले देशी खेळ दाखवले. त्यात कबड्डीही होती.

पण खेळ नुसता दाखवून रुजत नाही, शिकवणारा लागतो. बास्केटबॉल १८९१ मध्ये अमेरिकेत नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं काढला आणि वायएमसीएच्या शिक्षकांनी तो देशोदेशी नेला. कबड्डीचंही तसंच. १९९० मध्ये ती बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत आली. महिलांची कबड्डी तिथे यायला २०१० उजाडलं. पहिली दोन्ही सुवर्णपदकं, २०१० आणि २०१४ ची, भारताच्या मुलींनीच जिंकली.

मग नाशिकच्या शैलजा जैन इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. मुलुख परका, भाषा परकी, त्यात जेवण शाकाहारी. बाईंनी फारसी शिकून घेतली. मुलींना योगासनं दिली, प्राणायाम दिला. कबड्डीत चढाई तीस सेकंदांची आणि ती एका दमात करायची. दम आवरला तर डोकं ठिकाणावर राहतं. ज्यांच्या भाषेतून आपण 'दम' घेतला, त्यांच्याच मुलींना तो धरायला एका मराठी गावच्या बाईंनी शिकवलं!

२४ ऑगस्ट २०१८. जकार्तातला अंतिम सामना. इराण २७, भारत २४.

त्या दिवशी मलाही वाईट वाटलं, खोटं का बोलू? चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "बाईनं आपल्याच घराला हरवलं." रात्रभर विचार केला. आपल्याकडे म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. पण राखून ठेवलेला डाव वस्तादाबरोबरच मातीत जातो. शायरीतही उस्ताद शागिर्दाचे शेर दुरुस्त करतो. शागिर्दाला जास्त दाद मिळाली म्हणून तो हात आखडत नाही. बाईंनी डाव राखला नाही. ज्या मुलींनी विश्वास टाकला, त्यांच्याशी त्या प्रामाणिक राहिल्या. याला गद्दारी कसं म्हणायचं?

आणि आपलं काही बिघडलंही नाही. २०२३ मध्ये हांगझोऊला भारतीय मुलींनी सुवर्ण परत आणलं. चिनी तैपेईवर २६-२५, म्हणजे अवघ्या एका गुणानं. आता समोर कुणीही येवो, दम लागतो. हक्कानं हाती येणाऱ्या पदकापेक्षा मला हे एका गुणाचं पदक जास्त प्यारं आहे.