हक्क आणि दाखला

१९६५ सालच्या जुलै महिन्याच्या ३० तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन राजधानी सोडून मिसूरी राज्यातील इंडिपेन्डन्स या गावी मुद्दाम गेले, आणि तेथे, माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या नावाने उभ्या असलेल्या ग्रंथालयात, एक्क्याऐंशी वर्षांच्या ट्रूमन यांना शेजारी बसवून त्यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्या कायद्याने ‘मेडिकेअर’ आणि ‘मेडिकेड’ या दोन योजना जन्मास आल्या. राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना ट्रूमन यांनी १९४५ साली अमेरिकी काँग्रेसपुढे, म्हणजे तेथील संसदेपुढे, मांडली होती. ती तडीस गेली नाही, परंतु वीस वर्षांनी तिचा एक अंश पदरात पडला तेव्हा मेडिकेअरचे पहिले कार्ड ट्रूमन यांच्याच हाती ठेवण्यात आले.

त्या कार्डाचे आज स्मरण करण्यास कारण आहे. संघीय सरकारच्या आरोग्यधोरणात गेल्या काही वर्षांत जे फेरबदल झाले, त्यांपैकी बहुतेक दप्तरात, मसुद्यांत आणि अर्जाच्या रकान्यांत घडलेले आहेत. आणि ते बारकाईने पाहणाऱ्यास असे दिसून येते की, कायद्याने दिलेल्या हक्काचे मोल शेवटी तो हक्क सिद्ध करण्यासाठी नागरिकाकडे जो दाखला मागितला जातो, त्या दाखल्यावरच ठरत असते.

प्रथम व्यवस्था समजून घ्यावयास हवी. अमेरिकेत सर्वांसाठी एक अशी विमायोजना नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने वेतनवाढीवर निर्बंध घातले, तेव्हा कामगार टिकवून धरण्यासाठी कारखानदारांनी पगारवाढीऐवजी आरोग्यविमा देऊ केला. पुढे त्या विम्यास प्राप्तिकरातून सूट मिळाली, आणि युद्धकाळातील ती तात्पुरती सोय देशातील सुमारे निम्म्या लोकांची कायमची व्यवस्था होऊन बसली. या व्यवस्थेबाहेर जे राहिले त्यांच्यासाठी निरनिराळी छपरे उभारली गेली. पासष्ट वर्षांवरील वृद्ध आणि काही अपंग व्यक्ती यांच्यासाठी मेडिकेअर. तिचा कारभार सर्वस्वी संघीय सरकारचा, आणि लाभार्थी साडेसहा कोटींहून अधिक. गरिबांसाठी मेडिकेड, तिचा खर्च संघीय सरकार आणि घटकराज्य मिळून सोसतात, अंमलबजावणी राज्याकडे असते, आणि तिच्या व तिला जोडलेल्या बालकांच्या योजनेच्या आश्रयाला सात कोटींहून अधिक माणसे आहेत. ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही आणि जे मेडिकेडच्या मर्यादेतही बसत नाहीत, त्यांच्यासाठी बराक ओबामा यांच्या कारकिर्दीत, २०१० साली, सरकारी देखरेखीखालील विमाबाजार निर्माण झाला; तेथे हप्त्याचा काही भाग सरकार करसवलतीच्या रूपाने भरते, आणि अगोदरच्या आजाराच्या कारणावरून कोणाचाही अर्ज नाकारण्यास कंपन्यांना मनाई आहे. त्या वर्षी विमा नसलेल्यांची संख्या साडेचार कोटींहून अधिक होती. २०२३ मध्ये ती अडीच कोटींच्या आसपास आली. २०१० च्या कायद्याने मेडिकेडची कक्षाही वाढवली होती, पण २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर सोपवले. टेक्सास व फ्लोरिडा यांच्यासह दहा राज्यांनी ती अद्याप स्वीकारलेली नाही.

कायदा काँग्रेस करते खरी, परंतु कायद्याची कलमे ही इमारतीच्या पायासारखी असतात; त्यावर भिंती चढतात त्या नियमांच्या. कोणत्या उपचाराचा किती मोबदला द्यावा, रुग्णालयाने कोणत्या नोंदी ठेवाव्यात, अर्जासोबत काय जोडावे, हे सारे आरोग्यखाते ठरवते. १९४६ च्या प्रशासकीय कायद्यानुसार खात्याला नियमाचा मसुदा संघीय राजपत्रात छापावा लागतो, त्यावर जनतेच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि त्यांचा विचार करून मगच अंतिम नियम जारी करावा लागतो. चाळीस वर्षे असा प्रघात होता की, कायद्याची भाषा संदिग्ध असेल तेथे खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मान्य करावा. २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो प्रघात मोडीत काढला आणि अर्थ लावण्याचा अधिकार न्यायाधीशांकडे घेतला. मेडिकेअर व मेडिकेड यांच्या कायद्यांइतकी गुंतागुंतीची भाषा क्वचितच कोठे आढळेल. म्हणून तज्ज्ञांनी घडवलेला कोणताही नियम आता न्यायालयात पूर्वीपेक्षा सहज खेचला जाऊ शकतो.

कागदावरच्या एका ओळीने काय साधते आणि काय बिघडते, याचे ठळक उदाहरण औषधांच्या किमतींचे आहे. २००३ साली मेडिकेअरमध्ये घरी घ्यावयाच्या औषधांचा समावेश झाला, पण त्याच कायद्यात असे कलम घातले गेले की, सरकारने औषध कंपन्यांशी किमतीबाबत वाटाघाटी करू नयेत. जगातील सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एकाने स्वतःच्या हाताने स्वतःचे तोंड बांधून घेतले, आणि त्याचा भुर्दंड वृद्ध रुग्ण व खजिना या दोघांनी वीस वर्षे सोसला. ऑगस्ट २०२२ मध्ये जो बायडेन यांनी सही केलेल्या कायद्याने ती गाठ अंशतः सोडवली. मेडिकेअरच्या लाभार्थ्याला इन्सुलिनच्या प्रत्येक प्रकारासाठी महिन्याला ३५ डॉलरांहून अधिक पडू नयेत, अशी तरतूद २०२३ पासून झाली. औषधांवर वर्षाकाठी स्वतःच्या खिशातून होणाऱ्या खर्चाला २०२५ मध्ये २,००० डॉलरांची मर्यादा पडली. आणि निवडक महागड्या औषधांची किंमत ठरवण्यासाठी सरकार प्रथमच कंपन्यांसमोर बसले. पहिल्या दहा औषधांच्या ठरलेल्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. मधुमेहावरील ‘जनुव्हिया’ या औषधाची महिनाभराची छापील किंमत ५२७ डॉलर होती, ती ११३ वर आली. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे ‘एलिक्विस’ ५२१ वरून २३१ वर आले. अशाने नव्या संशोधनाची उमेद खचेल, असा कंपन्यांचा आक्षेप आहे आणि त्यांनी न्यायालयात दादही मागितली आहे. तो आक्षेप तपासण्याजोगा आहे, तथापि औषध परवडत नाही म्हणून अर्धी मात्रा घेणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने त्या औषधाचा शोध लागलेला असूनही नसल्यासारखाच असतो.

अशाच स्वरूपाची दुसरी कृपा १ जानेवारी २०२२ रोजी अमलात आलेल्या कायद्याने केली. रुग्णालय विमा कंपनीच्या यादीतले निवडावे, आणि भूल देणारा डॉक्टर मात्र यादीबाहेरचा निघून हजारो डॉलरांचे बिल मागाहून घरी यावे, हा अनुभव अमेरिकेत नित्याचा होता. त्या कायद्याने अशा बिलांस बंदी केली आणि दराचा तंटा डॉक्टर व विमा कंपनी यांनी लवादापुढे आपसांत मिटवावा असे ठरवले. रस्त्याने धावणारी रुग्णवाहिका मात्र त्यातून वगळली गेली.

आता नाण्याची दुसरी बाजू. ४ जुलै २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या विस्तृत कायद्यात असे फर्मावले आहे की, मेडिकेडच्या वाढीव कक्षेत आलेल्या १९ ते ६४ वर्षांच्या प्रौढांनी महिन्याला ८० तास नोकरी, शिक्षण अथवा समाजसेवा केल्याचे सिद्ध करावे. तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे पालक, गर्भवती स्त्रिया, दुर्धर आजाराने ग्रस्त व्यक्ती अशांना सूट आहे. या प्रौढांची पात्रता यापुढे वर्षातून एकदा न तपासता दर सहा महिन्यांनी तपासली जाईल. पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की, खजिना अमर्याद नाही, आणि धडधाकट माणसाने समाजाकडून घेताना समाजास काही द्यावे. आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहाव्या हिश्शाहून अधिक खर्च करणाऱ्या देशात हा विचार उपेक्षणीय नाही.

परंतु ज्या तत्त्वाची परीक्षा अनुभवाने होऊन चुकली आहे, त्याबद्दल अनुभवालाच विचारावे. २०१८ साली आर्कान्सा राज्याने हाच प्रयोग केला. कामाची नोंद आरंभी केवळ संकेतस्थळावर करावयाची होती, आणि ते संकेतस्थळ रात्री नऊ ते सकाळी सात बंद राही. दिवसभर राबून घरी परतणाऱ्याला जी वेळ सापडावी, नेमक्या त्याच वेळी दार लावलेले असे. काही महिन्यांतच १८,००० हून अधिक लोकांचा विमा गेला, आणि मार्च २०१९ मध्ये संघीय न्यायाधीशाने योजना थांबवली. पुढे झालेल्या अभ्यासात रोजगार वाढल्याचे आढळले नाही. उलट नियमाच्या कक्षेत आलेल्यांपैकी बहुतेक जण एकतर काम करीत होते किंवा सवलतीस पात्र होते, असे दिसून आले. दुसरा अनुभव याहून मोठा आहे. कोरोनाच्या साथीत मेडिकेडमधून कोणासही काढू नये असा दंडक होता. ३१ मार्च २०२३ रोजी तो संपला, राज्यांनी फेरतपासणी केली, आणि अडीच कोटींहून अधिक लोकांची नावे वगळली गेली. त्यांपैकी दहांत सात जणांची नावे अपात्र ठरली म्हणून वगळली नव्हती. कोणाचे पत्र जुन्या पत्त्यावर गेले होते, कोणाचा अर्ज मुदतीत पोचला नव्हता, कोणाचा एखादा कागद जोडावयाचा राहिला होता. काँग्रेसच्या निःपक्ष अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज आहे की, २०२५ च्या कायद्यामुळे २०३४ पर्यंत विमा नसलेल्यांत सुमारे एक कोटींची भर पडेल. आणि दहा वर्षांत मेडिकेडचा जो नऊशे अब्ज डॉलरांहून अधिक संघीय खर्च वाचणार आहे, त्याचा मोठा भाग या गळतीतूनच वाचणार आहे. ग्रामीण रुग्णालयांना सावरण्यासाठी पाच वर्षांत ५० अब्ज डॉलर देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे प्रमाण ध्यानी येते.

विमाबाजाराचेही असेच झाले. २०२१ साली वाढवलेल्या करसवलतींमुळे कोणाही कुटुंबास ठरावीक योजनेचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून अधिक पडू नये अशी सोय झाली होती, आणि २०२५ मध्ये या बाजारातून विमा घेणाऱ्यांची संख्या २ कोटी ४० लाखांवर गेली होती. या सवलती चालू ठेवाव्यात की नाही, याच वादावर १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस संघीय सरकारचे कामकाज ठप्प झाले. कामकाज पुन्हा सुरू झाले, सवलती मात्र ३१ डिसेंबरला संपल्या. जुनी कडा परत आली आहे: २०२६ च्या विम्यासाठी एकट्या माणसाचे वार्षिक उत्पन्न ६२,६०० डॉलरांच्या वर एका डॉलरने जरी गेले, तरी त्याची सारी मदत बंद होते.

या घडामोडींची झळ पुण्या-नाशिकच्या घरांपर्यंतही पोचते. मुलगा वा मुलगी न्यू जर्सीत स्थायिक झाली, नातवंडांच्या ओढीने आईवडील ग्रीन कार्ड घेऊन तिकडे गेले, अशी कुटुंबे आता आपल्या ओळखीत सर्वत्र आहेत. मेडिकेअर मिळण्यास अशा वृद्धांना पासष्टीनंतरही सलग पाच वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, आणि दहा वर्षे तेथे कर भरून काम केलेले नसल्यास रुग्णालयविम्याचाही भारी हप्ता द्यावा लागतो. मधल्या पाच वर्षांत त्यांना मेडिकेडही बहुधा मिळत नाही. म्हणून दारिद्र्यरेषेखालील उत्पन्न असणाऱ्या नवागतांना विमाबाजारात करसवलत मिळण्याची जी खास वाट २०१० च्या कायद्याने ठेवली होती, ती २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून बंद केली. एच-१बी परवान्यावर काम करणाऱ्यांनाही २०२७ पासून ही सवलत मिळणार नाही. आईवडिलांना कायमचे बोलावून घेणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबास माझी कळकळीची विनंती आहे की, विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या पाच वर्षांच्या विम्याची व्यवस्था करावी. सत्तरीतल्या माणसाचे आजारपण मुदत संपण्याची वाट पाहत नाही.

राज्याने पात्रता तपासू नये असे कोणी म्हणणार नाही. पण दाखला आणण्याचे ओझे आजारी, गरीब आणि दिवसभर राबणाऱ्या माणसावर टाकावयाचे, की राज्याच्या दप्तरात अगोदरच असलेल्या नोंदी राज्यानेच पडताळून घ्यावयाच्या, या एका निवडीत त्या राज्याची नीती दिसून येते. आणि २०२७ च्या १ जानेवारीपासून जे नियम बहुतेक राज्यांत सक्तीचे होणार आहेत, त्यांत ते ओझे पुन्हा दुबळ्याच्या खांद्यावर पडण्याचे भय आहे. अमेरिकेला याहून निराळी रीत ठाऊक नव्हती असे नाही. मेडिकेअर प्रत्यक्ष सुरू होण्याआधीच्या महिन्यांत सरकारने वृद्धांकडे घरोघर माणसे पाठवून त्यांची नावे नोंदवून घेतली होती, आणि १ जुलै १९६६ रोजी योजना सुरू झाली तेव्हा सुमारे १ कोटी ९० लाख वृद्ध तिच्या छायेत आलेले होते.