करिंथ ते केडगाव, भाग सहावा : कल्लोळ आणि क्रम

पवित्र आत्म्याची दानं कोणती, हे मागच्या भागात झालं. आता प्रश्न वेगळा आहे. ही सगळी दानं मिळालेली माणसं रविवारी एका खोलीत जमली, की कोणी, केव्हा आणि किती बोलायचं? पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय याच प्रश्नाला वाहिलेला आहे. त्याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. वरकुटे-इंदापूर भागातून पुण्याकडे निघालं, भिगवण, कुरकुंभ, पाटस मागे पडलं, की चौफुला येतो. तिथून केडगाव जवळच. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १९०५ मध्ये या आवारात जे घडलं, त्याच्याइतकी चौदाव्या अध्यायाची कसोटी महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच लागली असेल.

आधी करिंथ थोडक्यात. बंदराचं, पैशाचं, नाना देशांच्या माणसांचं शहर. मंडळी घरांतून भरायची. पौलाने इसवी सन ५५ च्या सुमारास इफिसहून हे पत्र लिहिलं, कारण तिथून येणाऱ्या बातम्या बऱ्या नव्हत्या. मंडळीत तट पडले होते. प्रभुभोजनाला पैसेवाले आधी येऊन जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. उपासनेत अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषांत, बोलणारे एकाच वेळी बोलत. हे शेवटचं दुखणं आपण सुटं काढून पाहतो, पण ते जेवणाच्या दुखण्यापासून वेगळं नाही. पंगतीत जो दुसऱ्यासाठी थांबत नाही, तो प्रार्थनेत तरी कशाला थांबेल?

आता केडगाव. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांची वस्ती झाली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. जवळपास दोन हजार जिवांचं ते गाव झालं.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी खास प्रार्थनेला सुरुवात केली. वेल्समधल्या संजीवनाच्या, म्हणजे धर्मजागृतीच्या, बातम्या येत होत्या. त्याआधी, १९०३ मध्ये, मुलगी मनोरमा आणि सहकारी मिनी एब्राम्स यांना त्यांनी ऑस्ट्रेलियात पाठवलं होतं. तिथल्या मंडळ्या एवढ्या कशाने जाग्या झाल्या, ते पाहून या, असं सांगून. केडगावात पहिल्यांदा सत्तरेक जणी जमल्या, जूनपर्यंत ही संख्या पाचशेच्या वर गेली. २९ जूनच्या पहाटे वसतिगृहात एक मुलगी ज्वाळेत दिसली म्हणून दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली आणि जवळ गेल्यावर तिच्या लक्षात आलं की काही जळत नाही, असं मुक्तीच्या आठवणींत सांगतात. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळची गोष्ट. ३० जूनला रमाबाई नेहमीसारख्या शांतपणे योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत होत्या. बोलता बोलता मुली रडू लागल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, सगळ्या एकदम. आवाज एवढा वाढला की रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं.

संस्कृतच्या सभा जिंकलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती ही पदवी दिलेली ही बाई आपल्याच सभेत गप्प बसली. त्यांनी घंटा वाजवली नाही, कोणाला बाहेर काढलं नाही. पुढचे कित्येक दिवस शाळेचा नेहमीचा क्रमही बाजूला पडला आणि प्रार्थना चालू राहिली.

टीका व्हायची ती झालीच. किती आरडाओरडा, हात काय उंचावतात, छाती काय पिटतात, असं काही पाश्चात्त्य मिशनरी म्हणाले. यावर रमाबाईंनी मांडलेला मुद्दा रोखठोक होता. भारतीय ख्रिस्ती माणसाने देवापुढे कसं रडावं, कसं हसावं, हे परदेशी रीतिरिवाजांवरून ठरवू नये, पवित्र आत्म्याला इथे त्याच्या पद्धतीने काम करू द्यावं. मला हे शंभर टक्के पटतं. आपल्याकडच्या पुष्कळ मंडळ्यांत आजही ‘शिस्तशीर उपासना’ म्हणजे बाकांवर ताठ बसून पुस्तकातलं पद ठरल्या चालीत म्हणणं, अशी समजूत आहे. ती पौलाची नाही. पौलाने शांतता मागितलेली नाही. उलट जमलेल्या प्रत्येकाकडे काही ना काही असतं, कोणाकडे गीत, कोणाकडे शिकवण, कोणाकडे प्रकटीकरण, कोणाकडे अन्य भाषा, कोणाकडे तिचा अर्थ, असं तो धरूनच चालतो. त्याच्या मंडळीत एकच माणूस बोलणारा आणि बाकीचे ऐकणारे, असा प्रकार नाही.

मग त्याला हवंय काय? ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडावं. सगळा अध्याय या एका मुद्द्याभोवती फिरतो. अन्य भाषेत बोलणारा स्वतःची उन्नती करतो, देवाचा संदेश कळेल असा देणारा मंडळीची, म्हणून दुसरं मोठं. पौल स्वतः करिंथकरांपेक्षा जास्त अन्य भाषा बोलतो, हे तो सांगून टाकतो. तरी मंडळीत कोणाला न कळणाऱ्या हजारो शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द बोललेले त्याला बरे वाटतात. शेजारी बसलेल्या साध्या माणसाला तुझी प्रार्थना कळलीच नाही, तर तो आमेन कसा म्हणेल, असं तो विचारतो. बाहेरून कोणी आला आणि सगळे एकदम न कळणाऱ्या भाषेत बोलताना दिसले, तर वेडे समजून निघून जाईल, हेही बजावतो.

यातून त्याचे नियम निघतात आणि ते अगदी व्यवहारी आहेत. अन्य भाषेत बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने, आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल, तर मंडळीत गप्प राहून देवाशी मनातल्या मनात बोलावं. संदेश देणारेही दोघे-तिघेच, आणि बाकीच्यांनी तो संदेश पारखावा. एकजण बोलत असताना बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झालं, तर पहिल्याने थांबावं. आत्म्याने मला थांबूच दिलं नाही, ही सबब तो चालू देत नाही. संदेश देणाऱ्याचा आत्मा त्याच्या ताब्यात असतो, हे तो स्पष्ट लिहितो. माइक हातात आला की अर्धा तास न सोडणाऱ्या आपल्या बंधूंनी हे वचन पुन्हा वाचायला हरकत नाही.

तुकोबांची पालखी इंदापूर तालुक्यातून जाते, त्यामुळे कल्लोळ आणि क्रम एकत्र कसे नांदतात, हे या भागातल्या वाचकाला चटकन कळेल. दिंडीत नाचणं, उड्या, गजर, कशालाच कमी नसतं, पण दिंडीला क्रमांक असतो आणि वीणा एकाच्याच गळ्यात असते. माउलींच्या सोहळ्यात समाजआरतीला चोपदाराने दंड उंच केला, की हजारो टाळ एका क्षणात थांबतात.

तर मग ३० जूनच्या त्या संध्याकाळी मुक्तीत चौदावा अध्याय मोडला गेला का? शब्दाला शब्द लावला तर मोडला गेला, कारण सगळ्या एकदम बोलत होत्या. पण त्या संध्याकाळी कोणी मंडळीला शिकवत नव्हतं की कोणी संदेश देत नव्हतं. मुली आपापली पापं कबूल करत होत्या, क्षमा मागत होत्या. तो सामुदायिक पश्चात्ताप होता आणि त्याला पाळी लावणं म्हणजे रडणाऱ्याला रांगेत उभं करणं. पौलाचे नियम बोलण्याचे आहेत, रडण्याचे नाहीत. रमाबाईंनी हा फरक ओळखला, असं मी म्हणेन.

खरा प्रश्न पुढे उभा राहिला. १९०६ मध्ये लॉस एंजलिसच्या अझूसा स्ट्रीटवरच्या प्रार्थनासभांत लोक अन्य भाषांत बोलू लागल्याची बातमी जगभर झाली आणि वर्षअखेरीस मुक्तीतही मुली अन्य भाषांत बोलू लागल्या. इंग्रजी न येणारी एक मुलगी इंग्रजीत देवाची स्तुती करताना आपण स्वतः ऐकली, असं रमाबाईंनी नोंदवलं आहे. या नोंदीवर आजवर पुष्कळ चर्चा झाली, ती बहुतेक चमत्कार खरा की खोटा याभोवती. पौलाने मात्र वेगळं विचारलं असतं: कोणाला कळलं का? इथे ऐकणारीला इंग्रजी येत होतं, म्हणजे अर्थ सांगणारी आयतीच हजर होती. ज्यांना कळत नव्हतं, त्यांच्यासाठी मात्र तो आवाजच.

रमाबाईंची भूमिका इथे फार तोलून घेतलेली दिसते. अन्य भाषा त्यांनी थोपवल्या नाहीत आणि पवित्र आत्मा मिळाल्याची ती एकच खूण आहे, असंही मानलं नाही. त्या स्वतः अन्य भाषेत बोलल्याची नोंद नाही. मिनी एब्राम्सही याच मताच्या. त्यांचं १९०६ चं छोटेखानी पुस्तक पुढे चिलीतल्या विलिस हूवर या मिशनऱ्याच्या घरी पोचलं आणि १९०९ मध्ये तिथल्या पेन्टेकॉस्टल मंडळ्यांची चळवळ उभी राहिली. एकूण पेन्टेकॉस्टल चळवळीची मुळं फक्त अमेरिकेत शोधणाऱ्यांना केडगावचं नाव घ्यावंच लागतं.

कल्लोळाचं पुढे झालं काय? मुलींची प्रार्थना पथकं झाली. तुकड्या करून, पाळीपाळीने, त्या आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. तिथे अन्य भाषेचा उपयोग नव्हता. गावकऱ्यांना कळेल असं गाणं आणि कळेल असं बोलणं लागत होतं. प्रार्थनागृहात जे मोकळं सुटलं होतं, त्याला वेशीबाहेर आपोआप वळण लागलं.

क्रमाचीच गोष्ट निघाली, तर याच पत्राच्या बाराव्या अध्यायातल्या दानांच्या यादीतली दोन दानं आपण नेहमी वगळतो: साहाय्य करणं आणि कारभार पाहणं. मुक्तीत तीच सगळ्यात भरभक्कम होती. दोन हजारांचा स्वयंपाक, विहिरी, शेती, विणकाम, अंध मुलींना ब्रेल शिकवणं. शिवाय छापखाना, तोही बायकांनी चालवलेला, खिळे जुळवण्यासकट. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचं रमाबाईंचं काम याच आवारात चाललं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. कळणारे पाच शब्द हवेत, हे पौलाचं म्हणणं ज्या बाईला इतकं मनावर घ्यावंसं वाटलं, तिची उपासना बेशिस्त होती म्हणणं कठीण आहे.

राहता राहिली बायकांनी मंडळीत गप्प राहावं ही वचनं. ती याच अध्यायात आहेत आणि त्यांवरून आपल्याकडे अजून वाद होतात. पण त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल बायका प्रार्थना करतात, संदेश देतात, हे गृहीत धरून मस्तक झाकण्याविषयी बोलतो. म्हणजे चौदाव्यातली मनाई सरसकट असू शकत नाही. काही अभ्यासक ती उपासनेत मध्येच प्रश्न विचारण्यापुरती मानतात, काही संदेश पारखण्याच्या वेळेपुरती. मला पहिला अर्थ जवळचा वाटतो, कारण लगेच पुढे घरी नवऱ्याला विचारण्याचा सल्ला आहे. ते काही असो, मुक्तीत नवऱ्याला विचारायची सोयच नव्हती. विधवा, टाकलेल्या, अनाथ. तिथे बायका गप्प राहिल्या असत्या, तर उपासना झालीच नसती.

आपल्या गावांतल्या घरगुती प्रार्थनासभांना हे सगळं कसं लागू करायचं? पाळकसाहेबांना काही साध्या गोष्टी करता येतील. साक्ष द्यायला दोघा-तिघांची नावं आधी विचारून घ्यावीत, दर आठवड्याला वेगळी. संदेशानंतर लगेच पद न उचलता थोडा वेळ मोकळा सोडावा, म्हणजे ऐकलेलं पारखता येईल. संदेश पारखण्याचा नियम आपण पार विसरलो आहोत. ‘देवाने मला सांगितलं’ एवढं कोणी म्हटलं, की लग्न मोडण्यापासून जमीन विकण्यापर्यंत काहीही मान्य होतं, आणि ज्येष्ठ मंडळी मान खाली घालून बसतात. आणि अन्य भाषेत प्रार्थना करणारी कोणी आजी असेल, तर तिला गप्प करू नये. पौलाने शेवटी तेही लिहून ठेवलं आहे की मनाई करू नका. तिच्याजवळ बसून, प्रार्थना झाल्यावर, काय म्हणालात ते आम्हालाही सांगा, असं विचारावं. सांगता आलं तर मंडळीचं झालं, नाही आलं तर ते तिचं आणि देवाचं.

पुढच्या भागात नारायण वामन टिळकांची कीर्तनं: चौदाव्या अध्यायातलं गीत आणि शिकवण एकाच माणसाच्या हाती आली, की काय होतं ते पाहू.